जुन्या गाड्यांचं मोटोक्रॉस: कोण कोणत्या गटात, हे ठरवायचं कसं?

पावसाळ्यात आमच्याकडे चिखलातल्या नांगरणी स्पर्धा होतात. त्यात गावठी जोडी आणि घाटी जोडी एका गटात कधी धावत नाहीत. घाटी बैल अंगापिंडाने थोराड, गावठी ठेंगणा. हे कळायला कुणाला नियमावली लागत नाही, बांधावर बसलेलं सात वर्षांचं पोरही सांगेल. पण तीच माणसं भातकापणी उरकल्यावर त्याच मळ्यात जुन्या मोटारसायकलींचं मोटोक्रॉस, म्हणजे खडबडीत मातीच्या ट्रॅकवरची शर्यत, खेळायला निघाली, की हा शहाणपणा घरी ठेवून येतात. एकोणीस वर्षांचा पोरगा आणि अठ्ठावन्न वर्षांचे काका एकाच दोरीमागे उभे. का, तर दोघांच्याही गाड्या अडीचशे सीसीच्या आतल्या.

मीही तेच केलं होतं. आमची पहिली शर्यत कणकवलीच्या पश्चिमेला, एका मित्राच्या मळ्यात होती. दुसऱ्याच वळणावर पोराची यामाहा आरएक्स काकांच्या येझदीच्या मागच्या चाकाला लागली आणि काकांचं कॉलर बोन मोडलं. पोराची चूक म्हणावी तर त्याने आपली लाईन, म्हणजे ट्रॅकवरची धरलेली वाट, सोडली नव्हती. काकांची म्हणावी तर ते त्यांच्या नेहमीच्या ठिकाणी ब्रेक लावत होते. फक्त ते ठिकाण पोराच्या ब्रेकच्या ठिकाणापेक्षा पंधराएक मीटर अलीकडे होतं. चूक यादी करणाऱ्याची होती, आणि यादी मी केली होती. तेव्हापासून आम्ही रायडरला ग्रेड लावतो. खाली दिलंय ते पाच हंगामांत चुकतमाकत बसलेलं गणित आहे. तुमच्या गावात दहाबारा गाड्या जमत असतील तर उचला आणि तुमच्या मातीप्रमाणे बदला.

गाडीची पट्टी वेगळी, माणसाची वेगळी

जुन्या गाड्यांचं मोटोक्रॉस जिथे नीट रुजलंय तिथे दोन पट्ट्यांनी मोजतात. अमेरिकन हिस्टॉरिक रेसिंग मोटरसायकल असोसिएशनच्या शर्यतींत गाड्या कालखंडानुसार लागतात आणि रायडर नवखा, मधला, तज्ज्ञ अशा तीन थरांत. शिवाय वय झालेल्यांचे गट निराळे. त्याच देशातल्या आधुनिक मोटोक्रॉसमध्ये हे थर सी, बी, ए या नावांनी चालतात. म्हणजे ही काही आमची नवी अक्कल नाही.

गाडीची पट्टी आधी उरकून घेऊ. अमेरिकेतल्या त्या 'व्हिंटेज' गटात शॉकअपच्या चालीला, म्हणजे चाक किती वरखाली होऊ शकतं त्याला, मर्यादा आहे: पुढे ७ इंच, मागे ४ इंच. त्यामागे इतिहास आहे. १९७३ साली हाकान अँडरसनने मागे एकच शॉकअप असलेल्या यामाहावर २५० सीसीचं जगज्जेतेपद जिंकलं आणि पुढच्या दोनतीन वर्षांत मागच्या चाकाची चाल झपाट्याने वाढली. चाल वाढली तशा ट्रॅकवरच्या उड्या मोठ्या झाल्या, आणि त्या उड्यांवर आधीच्या गाड्या टिकेनात. म्हणून तिथे रेघ ओढली.

ग्रेडच्या दृष्टीने या चार इंचांत मोठी गोष्ट दडलेली आहे. लांब चालीची गाडी रायडरच्या चुका पोटात घालते. चार इंचवाली घालत नाही. तिथे खरा शॉकअप म्हणजे माणसाचे गुडघे. त्यामुळे जुन्या गाडीवर कोण किती पाण्यात आहे ते बाजूला उभं राहून उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि म्हणूनच आपल्याला महागडी यंत्रं लागत नाहीत.

आमच्याकडे गाड्यांचे दोन गट आहेत. पहिल्यात जावा, येझदी, राजदूत १७५ आणि बुलेट. दुसऱ्यात १९८४-८५ नंतर आलेल्या जपानी घराण्यातल्या शंभर सीसी आणि त्यांच्या पाठच्या बहिणी: इंड-सुझुकी, आरएक्स १००, केबी १००, शोगन. राजदूत ३५० कुठे घालायची यावर आमच्यात अजून भांडण आहे आणि ते मिटू नये असं काही जणांना मनापासून वाटतं. सरकारच्या २०२१च्या नियमांत 'व्हिंटेज' म्हणजे पन्नास वर्षांपुढची गाडी. ती व्याख्या नोंदणीसाठी आहे. मळ्यात ती लावली तर निम्मे लोक घरी जातील.

येझदीवाले काका मंडळी एक गोष्ट हमखास ऐकवतात: १९६४ साली जोएल रॉबेर २५० सीसीचा जगज्जेता झाला तो सीझेडवर, आणि सीझेड म्हणजे जावाची चुलत बहीण. गोष्ट खरी आहे. पण नातं गाडीचं, रॉबेरचं नाही. ग्रेड मागायला येताना ते सांगू नये.

आता महत्त्वाचं. ग्रेड माणसाला द्यायची, पण *कोणत्या गाडीवर* ते शेजारी लिहून. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात आणि ब्रेक डाव्या. आयुष्यभर आरएक्स मारलेला माणूस तिच्यावर बसला की घाईच्या क्षणी पाय उलटे पडतात, ब्रेक समजून गिअर दाबला जातो. येझदीची किक आणि गिअर एकाच दांड्यावर, त्यामुळे वळणात बंद पडली तर नवख्याची तारांबळ बघवत नाही. वजनाचंही तसंच. आरएक्स शंभर किलोच्या आसपास, बुलेट तिच्या दीडपटीहून जास्त. त्यामुळे आरएक्सवरचा मुरलेला रायडर बुलेट घेऊन आला तर त्या दिवशी तो मधल्या गटात. त्याला राग येतो. दोन फेऱ्यांनंतर जातो.

तीन गट, आणि त्यांची नावं

आम्ही नावं ठेवली नवखा, मधला आणि मुरलेला. सुरुवातीला खालच्या गटाला 'शिकाऊ' म्हणायचो. चाळिशीचा माणूस शिकाऊ म्हणून नाव द्यायला लाजतो आणि खोटं बोलून वरच्या गटात शिरतो. नवखा म्हटलं की लाज कमी होते. माणूस जुना, मळा नवा. एवढ्या एका शब्दाने आमचे अर्ध्याहून जास्त चुकीचे अर्ज थांबले.

नवख्यांच्या गटाला कच्चं लिंबू समजू नका. त्यांची शर्यत पूर्ण शर्यत असते, तिला निशाण, निरीक्षक, बक्षीस सगळं. आयोजक नवख्यांची शर्यत जेवणाच्या वेळी उरकून टाकताना मी पाहिले आहेत. तिथे पुढच्या वर्षी कुणी नवखा म्हणून नाव देत नाही, आणि मग सगळे पुन्हा एका दोरीमागे.

चौथा गट काढायचा मोह होतो. पंधरा-वीस गाड्यांत चार गट म्हणजे तिघांची शर्यत आणि चौघांना बक्षीस. नको.

अर्जात काय विचारायचं

'तुमची पातळी कोणती?' हा प्रश्न विचारूच नका. आपल्याकडे माणूस एकतर 'आमचं काय, असंच' म्हणतो नाहीतर 'आख्ख्या तालुक्यात विचारा' म्हणतो. दोन्ही उत्तरांचा उपयोग शून्य.

घडलेलं विचारा. मातीवर शेवटची गाडी कधी मारली, महिना आणि साल. शर्यतीत उतरला असाल तर कुठे, कोणत्या वर्गात, कितवे आलात. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं स्पर्धा लायसन्स कधी काढलं होतं का. सुपरक्रॉस, रॅली, डर्ट ट्रॅक, यातलं काही. मध्ये किती वर्षं खंड पडला. शेवटचं हाड कधी मोडलं आणि कोणतं. आज कोणती गाडी आणणार आणि तिच्यावर मातीत किती तास बसलात. रक्तगट आणि घरच्यांचा फोन अर्थातच.

एक नियम ठोक लिहा: ज्याने कुठल्याही आधुनिक गाडीवर वरच्या वर्गात शर्यत केली आहे, तो इथे नवखा होऊ शकत नाही, गाडी कितीही जुनी असो. खालची मर्यादा मधला गट. चाकरमान्यांच्या सुट्टीत शर्यत ठेवलीत तर हा नियम जास्तच लागतो. मुंबई-पुण्याहून येणारा भाचा गावच्या मामाची राजदूत घेऊन उतरतो आणि 'मी तर पहिल्यांदाच' म्हणतो. राजदूतवर पहिल्यांदा, एवढंच त्यात खरं असतं.

चाचणीचा मळा

ग्रेडची चाचणी शर्यतीच्या आदल्या दिवशी, त्याच ट्रॅकवर. आमची फेरी साधारण एक किलोमीटरची असते: एक लांब सरळ पट्टा, सातआठ वळणं, एक बांधावरची उडी, एक गचक्यांचा तुकडा. बांध तोडायचा नाही. दोन्ही बाजूंनी माती टाकून उतार करायचा आणि शर्यत झाली की माती उचलायची. मालक पुढच्या वर्षी हो म्हणतो तो यामुळेच.

जागेबद्दल थोडक्यात. किनाऱ्यावरची वाळू कितीही खुणावत असली तरी तिकडे जाऊ नका. वेळासपासून खाली अनेक किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि आपला हंगाम नेमका तोच. कातळाच्या सड्यावरही नको. तिथे पायाखाली कातळशिल्प असू शकतं आणि ते चाकाने घासलं गेलं की परत येत नाही. बंद चिरेखाण दिसायला झकास, पण तिच्या कडा उभ्या असतात. नवख्याची चाचणी तिथे घेणं म्हणजे अपघाताला आवतण. आणि जानेवारी-फेब्रुवारीत हापूसच्या बागेच्या वाऱ्यात ट्रॅक आखू नका. मोहरावर धूळ बसली की बागायतदार ग्रेड विचारत नाही, काठी घेऊन येतो. ग्रामपंचायत, पोलीस ठाणं, जमीनमालक यांची लेखी परवानगी आणि मळ्याच्या तोंडाशी उभी असलेली रुग्णवाहिका, याशिवाय चाचणीसुद्धा सुरू करायची नाही. १०८ला फोन करू, हे उत्तर नाही.

आता या लेखातली माझी सगळ्यात आवडती युक्ती. तांबडी माती दिवसभर एकसारखी राहत नाही. सकाळी आठला दवाने ओलसर असते, चाक धरून ठेवते. अकराला वरचा थर भुकटी होतो आणि चाक निसटायला लागतं. सकाळी चाचणी दिलेला माणूस वेगवान ठरतो, दुपारी दिलेला मंद, आणि दोघांत प्रत्यक्षात काहीच फरक नसतो. टँकरने पाणी मारलं तर गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून एक 'मापाचा रायडर' ठेवा. थंड डोक्याचा, शर्यतीत न उतरणारा, रोज सारखीच गाडी मारणारा माणूस. आमच्याकडे एक निवृत्त मेकॅनिक आहेत. त्यांच्यात चमक नाही, पण घड्याळ त्यांच्यावरून लावावं. ते दर पाऊण तासाने दोन फेऱ्या मारतात आणि त्या वेळेतल्या सगळ्यांची वेळ त्यांच्या फेरीच्या टक्क्यांत लिहायची. आठ वाजता त्यांची फेरी ८० सेकंदांची आणि तुमची ९२ची, म्हणजे तुम्ही ११५. अकराला त्यांचीच फेरी ८६ झाली आणि तुमची ९२, तर तुम्ही १०७. घड्याळात तीच वेळ, पण माणूस एक गट वर. ही युक्ती नव्हती त्या वर्षी दुपारी चाचणी दिलेले सगळे नवखे ठरले होते आणि शर्यतीत मधल्यांना खाऊन गेले.

गाड्यांचे दोन गट असतील तर मापाच्या रायडरने दोन्ही गटांतली एकेक गाडी मारून दोन आकडे काढावेत. बुलेटवाल्याला आरएक्सच्या आकड्याने मोजणं म्हणजे पुन्हा गावठी-घाटीचाच घोळ.

जाता जाता: पुणे-कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी गाडीचा जेट, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक, बघून घ्या. तिकडे तुम्ही समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर असता. इथली हवा दाट, म्हणजे त्याच जेटवर पेट्रोल तुलनेने कमी पडतं. टू-स्ट्रोक असेल तर लांब पट्ट्यावर पिस्टन पकडतो. चाचणीच्या दुसऱ्या फेरीत इंजिन सीझ झालेल्याला ग्रेड कशाची देणार?

निरीक्षकांनी कुठे उभं राहायचं, काय बघायचं

तीन निरीक्षक, तीन जागा: लांब पट्ट्याच्या शेवटचं वळण, बांधाचा उतरता भाग, गचके. प्रत्येकाने आपल्या जागेचे दहापैकी गुण द्यायचे आणि संध्याकाळपर्यंत एकमेकांशी बोलायचं नाही.

वळण सगळ्यात बोलकं. आपल्या या गाड्यांना दोन्हीकडे ड्रम ब्रेक. तापले की सुटतात, धूळ गेली की चिकटतात. टू-स्ट्रोक इंजिन उताराला धरतही नाही. नवखा वळणात शिरतानाही ब्रेकवर असतो, सोबत क्लच दाबलेला, मागचं चाक अडकून फरफटतंय. मग वळणाच्या मध्यावर गाडी मेलेली असते आणि तो क्लच सोडून पुन्हा जीव आणतो. मधल्या गटातला ब्रेकचं काम वळणाआधी संपवतो आणि अ‍ॅक्सिलेटर एका जागी धरून फिरतो. मुरलेल्याला डोळे मिटून ओळखता येतं. इतर ब्रेक लावत असतात तेव्हा त्याचं इंजिन बोलायला लागलेलं असतं. डोळे उघडले तर दिसेल की तो सीटवरून टाकीपर्यंत सरकलाय, आतला पाय पुढे काढलाय, बाहेरचं कोपर वर आहे. मी नव्या निरीक्षकाला आधी पाच मिनिटं पाठ करून उभा करतो, फक्त आवाज ऐकायला.

गचक्यांवर हात बघू नका, गुडघे बघा. नवखा बसून जातो आणि प्रत्येक गचका त्याच्या कमरेतून हँडलपर्यंत पोचतो. मधला उभा राहतो, पण काठीसारखा. मुरलेला उभा असतो गुडघे मोडून, वजन किंचित मागे, आणि अ‍ॅक्सिलेटर हलत नाही. गाडी खाली नाचते, हेल्मेट एका रेषेत जातं. हेल्मेट किती वरखाली होतं हे मागच्या माडाच्या खोडाशी लावून बघा, पट्टी लावल्यासारखं कळतं.

बांधावर उंच उडाला म्हणून गुण देऊ नका. उतरताना मान कुठे आहे ते बघा. पुढच्या वळणाकडे असेल तर ठीक, पुढच्या चाकाकडे असेल तर नवखा.

या तीन जागांपेक्षा जास्त सांगणाऱ्या दोन परीक्षा आहेत. त्या आधी सांगायच्या नाहीत. पहिली: चौथ्या फेरीत मापाच्या रायडरने त्याला रुंद जागी ओलांडून जायचं. मागून आवाज आल्यावर तो काय करतो? मुरलेला काहीच करत नाही, आपली लाईन धरून चालत राहतो. नवखा मागे वळून बघतो, आणि माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. आमच्या काकांचा अपघात बरोबर याच अर्ध्या सेकंदात झाला होता.

दुसरी: एका फेरीत पिवळं निशाण, म्हणजे 'पुढे धोका, सावकाश', हलवायचं. वेग कमी झाला नाही, किंवा निशाण दिसलंच नाही, तर तो माणूस कितीही जलद असो, या वेळी नवखा. यावर वाद ऐकायचा नाही. एकदा जिल्ह्यात नाव असलेल्या एका रायडरला आम्ही या कारणाने खाली बसवलं. तो गाडी टेम्पोत चढवून निघून गेला. पुढच्या हंगामात परत आला आणि पिवळ्याला असा थांबला की मागचा त्याच्यावर आपटता आपटता वाचला. चालायचंच.

घड्याळ काय सांगतं आणि काय नाही

प्रत्येकाच्या पाच फेऱ्या मोजा. सगळ्यात जलद फेरी विसरून जा. ती रायडरला सांगायला असते, तुम्हाला वापरायला नाही.

एक उदाहरण घ्या. पहिल्या रायडरच्या फेऱ्या ८८, १०१, ८६, ९७, ९०. दुसऱ्याच्या ९३, ९४, ९३, ९५, ९४. पहिल्याची सरासरी ९२.४, दुसऱ्याची ९३.८. मापाची फेरी ८० धरली तर एक ११५च्या पुढे, दुसरा ११७च्या पुढे. घड्याळ म्हणतं पहिला सरस. पण पहिल्याच्या चांगल्या आणि वाईट फेरीत पंधरा सेकंदांचं अंतर आहे. म्हणजे प्रत्येक फेरीत तो कुठेतरी वेगळ्या जागी ब्रेक लावतोय, कुठेतरी वाचतोय. त्याच्या मागे असणाऱ्याला तो पुढच्या वळणावर काय करेल याचा अंदाज येणार नाही. दुसऱ्याच्या मागे मी डोळे झाकून गाडी मारीन.

आमच्या रेघा अशा आहेत: सरासरी ११०च्या आत असेल तर मुरलेला, ११० ते १२५ मधला, त्यापुढे नवखा. चांगल्या-वाईट फेरीतलं अंतर सरासरीच्या दहा टक्क्यांहून जास्त असेल तर एक गट खाली. या हिशोबाने वरचा पहिला रायडर नवखा आणि दुसरा मधला. हे आकडे आमच्या मळ्याचे आहेत. तुमचा ट्रॅक लहान असेल तर फरक आक्रसेल, मग रेघा जवळ आणा. कुणी पडला तर ती फेरी काढून एक जादा फेरी द्या, पण कसा पडला ते वहीत लिहा. उठून गाडीआधी मागे कोण येतंय ते बघणारा पडूनही गुण मिळवतो.

घड्याळ आणि निरीक्षक यांचं जमलं नाही तर? आम्ही निरीक्षकांचं ऐकतो. घड्याळाला पिवळं निशाण दिसत नाही.

निकाल सांगणं

गट ठरवायला तीन माणसं बसतात. आपल्या भाच्याचं, पुतण्याचं, जावयाचं पान आलं की त्या माणसाने उठून चहा आणायला जायचं. गावात सगळेच एकमेकांचे कोणीतरी असतात, त्यामुळे आमच्याकडे चहा भरपूर होतो.

निकाल फळ्यावर, गुण आणि टक्क्यांसकट. नुसता गट लिहिला की कुजबुज सुरू होते, आकडे लिहिले की प्रश्न येतात, आणि प्रश्नाला उत्तर देता येतं. तक्रारीला अर्धा तास, तोंडी चालेल, पण तिघांसमोर. पुन्हा दोन फेऱ्या मारून दाखवायची मुभा प्रत्येकाला एकदा.

सगळ्यात अवघड प्रसंग बापलेकांचा. एक काका माझ्यासमोर येऊन उभे राहिले. "माझो झील मधल्या गटात आणि माका नवख्यात घातलंस? गाडी चालवूक त्याका मीयां शिकवलंय!" मी त्यांना आकडे दाखवले नाहीत. म्हटलं, "काका, उद्या नवख्यांत तुमच्याएवढी शांत गाडी कोणाचीच नाही, पोरं तुमच्या मागून शिकतील. आणि झील जोरात जातो तेव्हा तुमचा जीव बांधावर राहू दे, ट्रॅकवर नको." ते पुटपुटत गेले. दुसऱ्या दिवशी नवख्यांत दुसरे आले आणि ट्रॉफी अजून टीव्हीवर आहे.

वयाचा प्रश्न इथेच येतो आणि लवकर संपतो. वय ही ग्रेड नाही. पासष्टीचा मुरलेला हा मुरलेलाच. त्याला त्याच्या वयाच्या माणसांशी वेगळी चुरस द्यायची असेल तर बक्षीस वेगळं द्या, गट बदलू नका.

शर्यतीच्या दिवशी

गटाचा रंग हेल्मेटच्या मागे टेपने: नवखा पिवळा, मधला निळा, मुरलेल्याला काही नाही. मागून येणाऱ्याला समोर कोण आहे ते कळलं पाहिजे. नंबर प्लेट चिखलाने भरते, हेल्मेट सहसा नाही.

रायडर कमी असतील आणि वेगळ्या शर्यती परवडत नसतील तर दोन लाटांत सोडा. मुरलेले आणि मधले आधी, तीस सेकंदांनी नवखे. गुण मात्र स्वतंत्र मोजायचे. नवख्यांना आधी सोडायची चूक एकदा करून बघितली आहे, पुन्हा नाही. एका फेरीत सगळे वळणावर एकत्र आले आणि माझ्या पोटात गोळा आला.

शर्यतीच्या दिवशी दोन दौडी असतात. पहिल्या दौडीनंतर गट बदलता येतो का? खाली आणायचं असेल तर लगेच, निरीक्षकाच्या एका शब्दावर; त्यात सुरक्षेचा प्रश्न असतो. वर ढकलायचं असेल तर दोन दौडींच्या मध्ये, तिघांनी ठरवून, आणि पहिल्या दौडीचे गुण सोडून. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर गुण गेलेला माणूस माईक हातात घेतो.

मुद्दाम खाली राहणारे

प्रत्येक ठिकाणी एखादा असतो. नवख्यांत जिंकायचं आणि वर जायचं नाही. चाचणीत तो हळू जातो, पण त्यालाही हळू जायची जागा निवडावी लागते, आणि तो नेहमी सरळ पट्टा निवडतो, कारण तिथे सोपं असतं. वळणातलं कोपर, गचक्यांवरचे गुडघे त्याला खोटे करता येत नाहीत. सवय असते ती. निरीक्षकांचे गुण उंच आणि घड्याळ मंद दिसलं की त्याला विचारा, "दादा, पट्ट्यावर गाडी दम टाकते काय?" बहुतेक वेळा तो हसतो आणि गट मुकाट बदलतो.

नाहीच बदलला तर नियम आपलं काम करतो. एका दिवसाच्या दोन्ही दौडी जिंकल्या आणि दुसऱ्यापेक्षा एकूण वीस सेकंदांहून पुढे राहिला, तर पुढच्या शर्यतीत आपोआप वरचा गट. सलग दोन शर्यतींत पहिल्या दोघांत आला तरीही. आरोप नाही, बैठक नाही, वहीत नोंद. वरच्या गटात सलग दोनदा शेवटच्या तिघांत आला आणि त्याने मागितलं, तर खाली. मोठी दुखापत झाली, किंवा दोन वर्षं गाडीला हात लावला नाही, तर न मागता खाली, आणि त्याला फोन करून आधी सांगायचं. फळ्यावर वाचून कळता कामा नये.

उलट जातीचाही एक असतो, ज्याला मुरलेल्यांतच उतरायचंय. त्याला नाही म्हणू नका. सरावाच्या फेरीत मुरलेल्यांच्या सगळ्यात मागे सोडा. तीन फेऱ्यांत ते दिसेनासे होतात आणि तो स्वतःहून येतो.

वही

प्रत्येक रायडरला एक पान: गाडी, तारीख, मापाच्या फेरीची वेळ, त्याच्या पाच फेऱ्या, तिघांचे गुण, पिवळं निशाण, ओलांडल्यावर काय केलं, आणि शेवटी गट. आम्ही मोबाईलवर करून बघितलं. मळ्यात रेंज नाही आणि घामाच्या बोटांना स्क्रीन ऐकत नाही. पेन्सिल वापरा. कोकणातल्या पावसाळ्यात शाई पसरते, कागदाला बुरशी येते, पेन्सिल राहते. वही तांदळाच्या डब्यात ठेवली तर आणखी टिकते, घरचे बोलतात तेवढं ऐकून घ्यायचं.

जूनमध्ये हंगाम संपला की सगळ्यांच्या ग्रेड रद्द. चार महिने गाड्या पडवीत ताडपत्रीखाली असतात, साखळ्यांना गंज चढतो, माणसांच्या पोटांना चरबी. दिवाळी झाली, भात झोडून झालं, मळा सुकला, की पहिल्या रविवारी सकाळी आठला मापाचा रायडर दोन फेऱ्या मारतो आणि मी नव्या पानावर तारीख टाकतो. गेल्या वर्षी पहिलं नाव कॉलर बोनवाल्या काकांनी दिलं. पाच फेऱ्यांतलं अंतर तीन सेकंद. चौथ्या फेरीत मागून गाडी आली तेव्हा त्यांनी मान वळवली नाही.